हैबतरावांच्या ललकारीची आणि फितुरीच्या वसवासाची हकीगत

श्रीग्रामदैवत प्रसन्न. मैदानीच्या मातीस दंडवत, पंचांच्या शिट्टीस मुजरा, आणि ऐकणारांस विनंती ऐसी जे, मजकूर कान देऊन ऐकावा, परंतु ऐकिला तो लागलाच खरा मानू नये. कारण की या प्रकरणी जो तो ऐकिलेलेच खरे मानीत गेला आणि त्यापायी एका भल्या माणसाची अब्रू जावयाची वेळ आली. शके १८८१, विकारीनाम संवत्सरे, माघमासीचे वर्तमान. नदीचे अलीकडे एक राज्य होते आणि पलीकडे एक राज्य होते. नावे लिहिण्याचे प्रयोजन नाही. लिहिली तर उभयतांचे वारस काठ्या घेऊन येतील. अलीकडील राज्य टेकाडावर, घरे दाट, कोंबडी बहुत. पलीकडील राज्य ऐन काठावर, इतके की बायका उंबऱ्यात बसोन नदीत पाय धुवीत. दोहींत सोयरिक होती, बाजारहाट होता, आणि वैरही होते. वैराचे कारण हुतूतू. दरसाल रथसप्तमीस नदीचे वाळवंटी उभय राज्यांचा सामना व्हावा, सात गडी इकडील आणि सात गडी तिकडील, आणि ज्याची सरशी होईल त्याने चांदीचे कडे वर्षभर आपल्या देवाचे हाती घालावे, ऐसा शिरस्ता. आणि कडे सलग तीन साले पलीकडील देवाचे हाती होते. अलीकडील देवाचा हात मोकळा पाहोन म्हाताऱ्या बाया डोळ्यांस पदर लावीत आणि मग तोच पदर कमरेस खोचून कप्तानाचे नावे बोटे मोडीत.

कप्तान हैबतराव ढमाले. अंगाने थोर, पकडीस लोखंड, मिशा ऐशा की समोरचा गडी आधी मिशा पाहून एक पाऊल मागे घेई. परंतु हैबतरावांची खरी मातबरी पकडीत नव्हती, गळ्यात होती. उभय राज्यांत चाल अशी होती की सामन्याआधी दोन्ही कप्तानांनी मधल्या रेघेवर उभे राहून आपापल्या गड्यांस सर्वांदेखत ललकारी द्यावी, की जेणेकरून आपल्यांचे अंगी वीज संचारावी आणि वैऱ्याचे पाय लटपटावे. हैबतराव ललकारी द्यावयास उभे राहिले म्हणजे झाडावरची पाखरे उडत, रांगते पोर रडावयाचे थांबे, आणि गड्यांच्या अंगावर काटा येई. इतके होऊन सामना मात्र हरत. ललकारी जिंकावी आणि सामना हरावा, ऐसे तीन वेळा जाहले, तेव्हां हैबतरावांचे चित्तीं संशयाचा वसवास शिरला.

वसवास शिरावयास कारणही होते. आपण जो डाव योजावा तो पलीकडच्यांनी आधीच ओळखून ठेविलेला. डावीकडून चढाई करावी तो डावीकडे साखळी बांधोन उभे. हूल द्यावी तो हूल कोणी घेत नाही, उलट एकजण जांभई देतो. हैबतरावांनी मनाशी म्हटले की हे शहाणपण नव्हे, ही फितुरी. आपल्या सातांत कोणी एक घरभेदी आहे आणि तो आपली मसलत नदीपार पोचवितो. मग ते एकेका गड्यास न्याहाळू लागले. रखमाजी सराव करिता हसला. हैबतरावांनी मनात लिहून ठेविले की हा हसतो कशास? गोंदजी हसला नाही. त्याचेही लिहून ठेविले की हा लपवितो काय? एक गडी वेळेवर आला तर म्हणावे, फारच वेळेवर आला. दुसरा उशिरा आला तर म्हणावे, होता कोठे? कावीळ जाहलियास सर्व पिवळे दिसते म्हणतात, तैसा प्रकार. घरी जेवावयास बसले तरी ताटाकडे पाहत विचारीत की हे वांगे कोणाकडचे? तेव्हां त्यांची बायको गजराबाई म्हणाली, "आवो, वांगं हाय त्ये. त्येला हुतूतू येत न्हाई. गुमान खावा."

परंतु सर्वांहून दाट संशय बसला तो सिदोजी खराड्यांवर, आणि हेच थोर दुःख. सिदोजी हे डाव्या कोपऱ्याचे गडी आणि हैबतरावांचे बाळपणापासूनचे सवंगडी. उभयतांनी एका म्हशीच्या पाठीवर बसोन नदी ओलांडिलेली, एका लुगड्याच्या झोळीत निजलेले, आणि मैदानात सिदोजींनी घोटा धरावा व हैबतरावांनी कंबर धरावी, हा ठराव न बोलता होत असे. ऐसा माणूस आठवड्यातून दोनदा, तीनदा पहाटेच गाठोडे काखेत मारून नदीपार जात असे. पलीकडे त्याची बहीण दिली होती, हे खरे. परंतु बहिणीकडे माणूस सणावारी जातो. हा भलत्या वारी जातो. जातो आणि दुपारी परत येतो तो धोतर चिखलाने भरलेले, आणि पुसावे की कोठे गेला होतास, तर म्हणावे, "जरा काम व्हतं." काय काम ते सांगू नये. हैबतरावांनी चारदा पुसले आणि चारदा तेच उत्तर आले. मग पुसणे सोडले आणि पाहणे धरिले.

इकडे ललकारीचा अभ्यास चालू होता. हैबतराव पूर्वी अंगणात अभ्यास करीत, परंतु तीन सालांमागे गजराबाईने हात जोडून सांगितले की, "तुमी वरडला की कोंबड्या अंड्यावरनं उठत्यात. नदीला जावा आन् तितं काय त्ये वरडा." तेव्हांपासून हैबतराव रोज सूर्योदयी नदीकाठच्या मोठ्या कातळावर उभे राहून, पाण्याकडे तोंड करून, बेंबीच्या देठापासून ललकारी देत. त्यांची रीत ऐसी की सरावात मसलतही मोठ्याने बोलावी, म्हणजे ती डोक्यात मुरते, आणि ऐन मैदानी तेवढा भाग गाळावा. यंदा तर फितुरीचे भय, म्हणोन मसलत गड्यांपैकी कोणासही सांगितली नाही, बायकोस सांगितली नाही, देवास नवस केला तोही मोघम केला. फक्त कातळावर उभे राहून बोलले. एके दिवशी सिदोजी गाठोडे घेऊन पलीकडे जावयास पाण्यात उतरले होते, ते मागे फिरून ओल्या पायांनी कातळाशी थांबले आणि मान खाजवून म्हणाले, "हैबत्या, राग धरू नगंस. पर हितं नगं वरडत जाऊ. त्या काठाला समदं ऐकू जातंय."

हे वाक्य सिदोजींचे गळ्यास फास जाहले. हैबतराव रात्रंदिवस तेच चघळीत बसले की, त्या काठाला ऐकू जाते हे यास ठाऊक कैसे? तो त्या काठी उभा असल्याशिवाय ठाऊक होईल काय? आणि त्या काठी उभा राहून हा काय करितो? आणि मी अभ्यास करू नये, ललकारी कच्ची राहावी, यात लाभ कोणाचा? उत्तर एकच येई. ज्या दिव्याचे उजेडात खड्डा दिसावयाचा तो दिवाच विझवून हैबतराव मोठ्या समाधानाने निजले. प्रातःकाळी उठोन पुन्हा कातळावर गेले आणि चिडून पहिल्यापेक्षा दुप्पट मोठ्याने ओरडले.

मग रथसप्तमीचा आदला दिवस उगवला. त्या दिवशी देवळापुढे कप्तानाने सात विडे ताटात ठेवावे आणि एकेका गड्याचे नाव घेऊन हातावर विडा द्यावा, ज्यास विडा मिळाला तो उद्याचा गडी, ऐसी वहिवाट. सर्व लोक जमले. राज्याचे कारभारी आबासाहेब पाटावर बसले, ताशा वाजला, आणि हैबतरावांनी पहिला विडा आपण घेतला, मग रखमाजीस दिल्हा, मग आणखी चौघांस दिल्हे. शेवटला विडा राहिला. सिदोजी सवयीने पुढे आले आणि हात पसरून उभे राहिले, कारण की आजवर त्यांचे नाव घ्यावयाचीही गरज पडली नव्हती. हैबतरावांनी त्या हाताकडे पाहिले, परंतु वसवास थोर. त्यांनी नाव घेतले ते गोंदजीचे, जो आजवर राखीव गडी होता. गोंदजी भांबावून पुढे आला. ताशा थांबला. सिदोजींचा हात काही वेळ तैसाच राहिला, मग त्यांनी तो धोतरास पुसला, जणू काही विडा घेऊनच पुसला, आणि हळूच म्हणाले, "बरं." इतकेच. ना भांडले, ना कारण पुसले. हैबतरावांनी मनात म्हटले, पाहा, निरपराध असता तर भांडला असता. आणि ऐसे म्हणतानाच त्यांस आतून कोठे तरी फार वाईट वाटले, परंतु त्या वाटण्यावरही त्यांनी संशय घेतला.

रथसप्तमी उगवली. वाळवंटी दोन्ही राज्ये लोटली. बायका, पोरे, भजी तळणारे, शेंगा विकणारे, आणि ज्यांस हुतूतूतले काही कळत नाही तेही, कारण की भांडण पाहावयास अक्कल लागत नाही. परक्या राज्यातून पंच आणविला होता. रेघा फक्कीने आखिल्या. सिदोजी येणार नाहीत ऐसे हैबतरावांस वाटले होते. परंतु ते आले आणि रेघेबाहेर आपल्या गड्यांचे सदरे मांडीवर घेऊन बसले. कौल पडला तो पलीकडच्यांची ललकारी आधी. पलीकडचे जुने कप्तान त्या साली पायउतार होऊन नवे कप्तान जाहले होते, बापूजी पिसाळ. हा गृहस्थ अंगाने डोंगर आणि बोलण्यात मुका म्हणावा तैसा. लग्नात नाव घ्यावयास सांगितले तेव्हां नुसते हसून मोकळा जाहला, ऐसी त्याची ख्याती. म्हणोन अलीकडील लोक आधीच खुदूखुदू हसो लागले की आता मौज होणार. बापूजी मधल्या रेघेवर आले, दोन्ही हात पाठीशी बांधिले, डोळे मिटले, आणि शाळेतील पोराने कविता म्हणावी तैसे एका दमात सुरू केले.

"गडी हो! आज खुद्द सूर्यनारायण सात घोड्यांचा रथ थांबवून आपला खेळ पाहावयास उभा आहे! त्याचे घोडे सात, आपले गडी सात! ज्याचा दम सुटेल त्याने आईस तोंड दाखवू नये!" ऐसे म्हणोन बापूजी दोनदा खाकरले आणि पुढे चालले. हैबतरावांचे कानशील तापले. शब्द न् शब्द त्यांचा. सूर्य त्यांचा, घोडे त्यांचे, आई त्यांची. जेथे ते सरावात खाकरत तेथेच तो खाकरला. आणि इतक्यावर भागले नाही. बापूजींस काय गाळावे हे ठाऊक नसल्याकारणे त्यांनी काहीच गाळिले नाही. डोळे मिटोन म्हणाले, "पहिली चढाई माझी! आधी डावीकडे हूल देईन, वैरी तिकडे धावेल, मग उजवा कोपरा मोडीन! मागोमाग, रखमाजी, तू माझा वाघ, तू जाशील!" येथे अलीकडचे ओळीत उभा असलेला रखमाजी सवयीने "जी!" म्हणाला.

मग अलीकडच्या बाजूने एकच कल्लोळ उठला. "फितूर! फितूर! आपल्या कप्तानाचं भाषण चोरलं!" ऐसे म्हणत लोक उठले, पायताणे हाती आली, आणि कोणी तरी ओरडले, "सिद्या कुठं हाय? नदीपल्याड त्योच जातोया!" मग शेकडो डोळे रेघेबाहेर बसलेल्या माणसाकडे वळले. दोघांनी सिदोजींचे दंड धरून उभे केले. मांडीवरचे सदरे वाळूत पडले. आबासाहेब कारभारी काठी टेकीत आले आणि म्हणाले, "खराडे, तुझ्या बानं या मातीत रगत सांडलं, आन् तू हितलं तिकडं विकतोस? आजपास्नं तुला मैदान बंद, देऊळ बंद, पारावर बसनं बंद. तुझ्या पोरींच्या सोयरिकी कशा हुत्यात त्ये बगतो मी." सिदोजींनी आबासाहेबांकडे पाहिले नाही, लोकांकडे पाहिले नाही. हैबतरावांकडे पाहिले.

आता हैबतरावांचे चित्तीं काय चालले ते लिहितो. पहिला विचार आला तो आनंदाचा, की पाहा, माझा संशय खरा ठरला, चोर सापडला. दुसरा विचार त्याचे मागोमाग आला आणि त्याने पहिल्याची मानगूट धरिली. सिदोजीस ही ललकारी सांगितली कोणी? मी नाही. रखमाजीस? नाही. बायकोस? नाही. यंदाचा सूर्य आणि यंदाचे घोडे हे मी फितुरीचे भयास्तव कोणाचेही कानी पडू दिल्हे नाहीत. मग बापूजीपर्यंत पोचविले कोणी? हैबतरावांनी वर्षभराच्या सवयीने एकेक तोंड डोळ्यांपुढे आणून तपासले, एकेक बाद केले, आणि शेवटी एकच तोंड उरले, आणि त्या तोंडास मिशा होत्या, आणि त्या मिशा ओळखीच्या होत्या. मग कातळ आठवला. मग पाण्याकडे तोंड करून उभे राहणे आठवले. मग पलीकडील घरे काठास किती लागून आहेत ते प्रथमच नीट दिसले. आणि ओल्या पायांनी उभे राहोन मान खाजवीत बोललेले ते वाक्य आठवले.

आणि याच वेळी वसवासाने आपला शेवटचा डाव टाकिला. तो कानाशी म्हणाला की, गप्प राहा. कोणास कळणार? लोकांनी फितूर धरिलाच आहे. तू नुसते उभे राहावे. कप्तानी राहील, मिशा राहतील, सामना हरला तरी खापर फोडावयास डोके तयार आहे. हैबतराव गप्प राहिले. किती वेळ राहिले ते पाहणारे वेगवेगळे सांगतात. परंतु राहिले, हे लिहिले पाहिजे. मग एकाने सिदोजींचे मुंडासे ओढिले आणि ते वाळूत उलगडत गेले, आणि सिदोजींनी ते उचलावयास हात हलविला तर दंड धरिलेला. ते पाहून हैबतरावांचे गळ्यातून आवाज निघाला. लोकांस वाटले ललकारी सुरू जाहली. परंतु त्या आवाजात सूर्य नव्हता आणि घोडेही नव्हते.

"सोडा त्येला!" हैबतराव म्हणाले. "सोडा म्हन्तो न्हवं! फितूर म्या हाय. तीन सालं झाली, रोज सकाळी कातळावर हुबा ऱ्हाऊन म्याच समदं बोंबलतोय. डावी हूल, उजवा कोपरा, समदं. ह्यो मला सांगाय आलता. म्हनला, नगं वरडू, पल्याड ऐकू जातंय. आन् म्या काय केलं? ज्यानं सांगितलं त्येच्यावरच वहीम धरला. इडा न्हाई दिला त्येला. समद्या गावाम्होरं हात पसरून हुबा व्हता त्यो, आन् म्या न्हाई दिला." येथे त्यांचे डोळ्यांतून पाणी आले आणि जन्मात पहिल्यांदा आवाज बसला. लोक एकमेकांकडे पाहो लागले. आबासाहेबांनी बापूजींस पुसले की हे खरे काय? बापूजींनी मान डोलविली आणि म्हणाले, "रोज ऐकू येतंय. आमच्या पोरांना बी पाठ हाय. मला बोलाय येत न्हाई, म्हनून त्येच म्हनलो." आणि पलीकडील चारसहा पोरांनी लागलेच "गडी हो!" म्हणोन सुरू केले, त्यांस आयांनी चापट्या दिल्ह्या.

परंतु आबासाहेब जुने कारभारी. त्यांचा संशय इतक्यात निघणारा नव्हता. ते म्हणाले, "आस्सं आसलं, तर ह्यो सारखा पल्याड जातो कशाला? बोल की खराडे." सिदोजी वाळूकडे पाहत राहिले. तेव्हां मुके बापूजी पुन्हा बोलले, एका दिवसात तीनदा बोलण्याचा त्यांचा तो पहिलाच प्रसंग. "त्येचा दाजी आमचा गडी. लक्षुमण. गेल्या साली सामन्यात पाय मोडला. अजून बाजंवर हाय. त्येची मोट ह्यो हाकतो." इतके सांगून त्यांनी हैबतरावांकडे पाहिले आणि तोंड मिटले. पुढचे सांगावे लागले नाही. गेल्या साली लक्ष्मणास पकडले होते ते हैबतरावांनीच. पकडीत कसलासा आवाज जाहला होता, आणि लक्ष्मण दोघांच्या खांद्यावर हात टाकून, हसत, एका पायाने गेला होता, आणि हैबतरावांनी तेव्हां म्हटले होते की ढोंग करितो. त्यानंतर पलीकडची बातमी पुसणे त्यांनी सोडलेच होते, कारण की पलीकडची प्रत्येक बातमी म्हणजे डाव.

हैबतराव सिदोजींजवळ गेले आणि म्हणाले, "सिदा, सांगाचं न्हाईस मला?" सिदोजींनी मुंडासे उचलले, वाळू झटकली, आणि ते बांधीत बांधीत म्हणाले, "सांगून काय करायचं व्हतं? खेळात पाय मोडतो. तुला कळलं आसतं, तर पुन्यांदा तू जोर लावून पकड धरली नसतीस. तुजा हात भ्याला आसता." हैबतरावांनी कंबरेस खोचलेला आपला विडा काढून पुढे केला. सिदोजींनी विड्याकडे पाहिले आणि घेतला नाही. ते रेघ ओलांडून आत गेले आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. गोंदजी तेथे उभा होता तो आनंदाने बाहेर आला आणि म्हणाला की मला तिकडे पहिल्यापासूनच ऊन लागत होते. पंचाने पुसले, "अलीकडच्यांची ललकारी व्हायची हाय नव्हं?" हैबतराव म्हणाले, "झाली." आणि शिट्टी वाजली.

आता सामन्याचे वर्तमान थोडक्यात. अलीकडच्यांजवळ डाव एकही उरला नव्हता, कारण की होते तितके बापूजींनी जाहीर केले होते. परंतु ईश्वराची करणी पाहा, वसवास हा रोग नदी पोहून पलीकडे गेला. पलीकडील शहाणे एकमेकांस म्हणू लागले की, ऐसी कबुली भरमैदानात कोणी देतो काय? रडतो काय? यात डाव आहे. उजवा कोपरा मोडीन म्हणाला, म्हणजे डावा मोडील; परंतु आपण ऐसे ओळखू हे तो जाणतो, म्हणजे उजवाच मोडील; किंवा मधूनच येईल. बापूजी एकटे म्हणत होते, "आरं, खरं रडला त्यो," परंतु कमी बोलणाराचे कोण ऐकतो? हैबतराव चढाईस आले की तिघे डावीकडे धावत आणि दोघे उजवीकडे, आणि हैबतराव मधून सरळ जात, कारण की त्यांचे डोक्यात त्या वेळी काहीच नव्हते. तरी सामना बरोबरीचा चालला. शेवटल्या चढाईस पलीकडचा तरणा गडी आला, तो नेमका डाव्या कोपऱ्यावर. सिदोजींनी घोटा धरिला. गडी ताकदीचा, सिदोजींस फरफटत रेघेकडे घेऊन चालला. हैबतरावांस कंबर धरावयाची होती, आणि ते धावले, परंतु शेवटल्या पावलावर त्यांचे हात थबकले, कारण की डोळ्यांपुढे लक्ष्मणाचा पाय आला. सिदोजी वाळूत तोंड घासत ओरडले, "धर की! भितोस काय!" तेव्हां हैबतरावांनी धरिले, परंतु सांभाळून धरिले, आणि मग रखमाजी आला आणि मग बाकीचे आले, आणि गड्याचा दम रेघेअलीकडे एका वितीच्या अंतरावर सुटला. एका गुणाने अलीकडच्यांची फत्ते जाहली.

मग ताशे वाजले, गुलाल उडाला, कडे मिरवीत देवळाकडे निघाले. हैबतरावांनी गर्दीत सिदोजींचा हात धरिला. सिदोजींनी तो थोडा वेळ धरू दिला, आणि मग सोडवून घेतला. "मोटंची येळ झाली," म्हणाले, आणि गुलाल न लावता, गूळपाणीही न घेता पाण्यात उतरले. आबासाहेबांनी मागोन हाक मारिली की खराडे, जाहले गेले विसरा, तर त्यांनी हात वर केला. तो नमस्कार होता की नकार, यावर देवळात बराच खल जाहला.

दुसरे दिवशी सूर्योदयी हैबतराव नित्याप्रमाणे नदीवर आले. पलीकडील उंबऱ्यांत बायका पाय धूत बसल्या होत्या, पोरे कान देऊन उभी होती की आता नवी ललकारी निघेल. हैबतराव कातळावर चढलेच नाहीत. त्यांनी धोतर वर खोचले आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले, आणि पुसत पुसत लक्ष्मणाच्या मळ्यात पोचले. लक्ष्मण खोपीपुढे बाजेवर होता, पाय उशीवर, तो हसून म्हणाला, "या कप्तान, च्या घ्या." हैबतरावांचे चित्तीं जुन्या सवयीने क्षणभर आले की या हसण्यात काय असावे, आणि त्यांची त्यांसच लाज वाटली. त्यांनी बाजेपाशी बसून त्या पायास हात लाविला. लक्ष्मण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. खेळ हाय." सिदोजींची बहीण आतून चहा घेऊन आली, तिने पेला ठेविला आणि हैबतरावांकडे न पाहता आत गेली. तो चहा त्यांनी थंड होईतो हाती धरिला.

विहिरीवर सिदोजी बैल हाकीत होते. हैबतराव बैलांच्या धावेच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. सिदोजींनी पाहिले, न पाहिल्यासारखे केले, चार मोटा काढिल्या. मग पाचवी रिकामी करून ते खाली उतरले, कासरा हैबतरावांचे हाती दिल्हा आणि म्हणाले, "हाक. मोटंवर गानं म्हनत्यात. तू म्हनू नगंस."

हैबतरावांनी दिवस कलेपर्यंत मोट हाकिली आणि तोंड उघडिले नाही.

येणेप्रमाणे रथसप्तमीची मोहीम समाप्त. कडे अलीकडे आले, कप्तान पलीकडे गेले, फितूर सापडला आणि त्याने आपले शासन आपणच जाऊन घेतले. लक्ष्मणाचा पाय चैत्रात भुईस लागला, तोवर मोटेवर आळीपाळीने दोघे होते. सिदोजींचे मन निवळले किंवा कसे, हे नक्की समजावे म्हणोन लिहिणाराने उभयतांस वेगवेगळे गाठून पुसले. सिदोजी म्हणाले, "हैबत्याला इचारा." हैबतरावांस पुसले, तो ते बैलांस वैरण टाकीत होते, त्यांनी आधी सिदोजी कोठे आहेत ते पाहिले, आणि मग ओठांवर बोट ठेविले. इति.